पुस्तकात ३०२ आहे की १०३?

१७ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून तिथलं कामकाज सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे वकील त्यासाठी कित्येक दशकं भांडत होते. फलटणच्या तालुका न्यायालयात सुरू झालेला जमिनीचा वाद अपिलांतून उच्च न्यायालयात गेला, की पक्षकाराला वकिलाच्या मागे मुंबईला चकरा माराव्या लागत. आता त्या चकरा कोल्हापूरला होतात. या एका बदलाने सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत वकिली हा जवळचा, आवाक्यातला पेशा वाटू लागला आहे, आणि बारावीला असलेल्या मुलामुलींच्या तोंडी 'लॉ करायचंय' हे वाक्य अधिक आत्मविश्वासाने येऊ लागलं आहे.

फलटण ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याला न्यायदानाचा वारसाही आहे. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश असलेले पी. बी. गजेंद्रगडकर यांचा जन्म १९०१ मध्ये साताऱ्याचाच. पण ज्या घरात आधी कुणी वकील झालेलं नाही, त्या घरातल्या मुलीला या वारशाचा पहिल्या दिवशी फारसा उपयोग नसतो. तिच्यापुढे साधा प्रश्न असतो: परीक्षा द्यायची म्हणतात, तर वाचायचं काय?

उत्तरं लगेच गोळा होतात. चुलत्याच्या ओळखीतला एक मुलगा पुण्यात लॉ करतोय, तो त्याची जुनी पुस्तकं देतो. मोबाइलवर कुणी चारशे पीडीएफ धाडतं. क्लासच्या माहितीपत्रकात बारा पुस्तकांचा संच असतो. महिन्याभरात टेबलावर ढीग होतो, आणि त्यातलं कोणतं पुस्तक कोणत्या परीक्षेचं आहे हे कुणीच सांगितलेलं नसतं. नवख्या विद्यार्थ्याची सगळ्यात महागडी चूक इथेच होते.

कारण परीक्षा एक नाही. महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्याचा सीईटी कक्ष २०१६ पासून प्रवेशपरीक्षा घेतो. साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, सांगलीचं एन. एस. सोटी लॉ कॉलेज, कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज, पुण्याचं १९२४ मध्ये सुरू झालेलं आयएलएस या सगळ्यांची वाट या सीईटीतून जाते. तिच्यातही दोन परीक्षा आहेत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीची दुसरी. तिसरी वाट क्लॅटची. देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही सामाईक परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठ आपापली परीक्षा घेई, विद्यार्थी या शहरातून त्या शहरात धावत, आणि शेवटी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली तेव्हा सामाईक परीक्षेचं गाडं हललं. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अशी विद्यापीठं आहेत. पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी करू पाहणाऱ्याला आजच्या क्लॅटच्या पुस्तकांचा उपयोग नाही. क्लॅटची पदवीपूर्व परीक्षा पाच वर्षांच्या अभ्यासक्रमापुरती आहे आणि तिची दुसरी परीक्षा एलएलएमसाठी असते.

दुकानाच्या 'लॉ' लिहिलेल्या कप्प्यात गोंधळ आणखी वाढतो. तिथेच बार कौन्सिलच्या परीक्षेची पुस्तकं असतात, जी पुढे वकिली करण्यासाठी द्यायची असते. तिथेच न्यायाधीश पदाच्या स्पर्धापरीक्षेची असतात. तिथेच मूळ कायद्यांच्या छोट्या प्रती, ज्यांना सगळे 'बेअर ॲक्ट' म्हणतात, त्यांची रांग असते. प्रवेशपरीक्षेला यातलं काहीही घ्यायची गरज नाही. अपवाद एकट्या संविधानाचा, आणि त्याकडे पुढे यायचंच आहे.

सीईटी आणि क्लॅट यांच्यातला पहिला फरक भाषेचा आहे. सीईटीची प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असते. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. ती प्रादेशिक भाषांत घ्यावी या मागणीची याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती, पण अजून ती इंग्रजीतच आहे. फलटणच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीच्या दृष्टीने या फरकाचं वजन आकड्यांत मोजता येतं. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत २०२५ पासून १५० ऐवजी १२० प्रश्न येतात, वेळ दोन तास. त्यात कायद्याचा कल आणि कायदेविषयक तर्क यांचे ३२, तर्कशक्तीचे ३२, सामान्यज्ञान व चालू घडामोडींचे २४, इंग्रजीचे २४ आणि गणिताचे ८. म्हणजे इंग्रजीचे २४ सोडले तर उरलेले ९६ प्रश्न ती मराठीत वाचू शकते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तीन वर्षांच्या सीईटीत मात्र १२० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे असतात, सामान्यज्ञानाचे ३२, आणि गणित मुळीच नसतं. क्लॅटमध्येही सध्या १२० प्रश्न आणि दोन तासच आहेत, पण गणितापर्यंत सगळं इंग्रजी उताऱ्यांतून येतं आणि चुकीला पाव गुण जातो.

दुसरा फरक त्याहून खोल आहे, आणि पुस्तकाची निवड त्यावर ठरते. तो समजून घ्यायला शेततळ्याचं उदाहरण घेऊ.

नीरा उजव्या कालव्याच्या टापूबाहेर, जिथे पाणी कमी, तिथल्या एका शेतकऱ्याने शेततळं बांधलं. कागद अंथरला, काम चांगल्या कंत्राटदाराकडून करून घेतलं, कसलाही हलगर्जीपणा केला नाही. एका रात्री बांध फुटला आणि शेजाऱ्याचा काढणीला आलेला कांदा वाहून गेला. तळ्याचा मालक भरपाई देणं लागतो का? बरेच जण म्हणतील, त्याची चूकच नाही तर कशी देईल? कायद्याने याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी दिलं आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या एका गिरणीमालकाने पाण्याचा साठा बांधून घेतला. खाली जुन्या खाणींची तोंडं होती, त्यांतून पाणी उतरलं आणि शेजाऱ्याची कोळशाची खाण बुडाली. हा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटला. १८६८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यात तत्त्व कायम केलं, की निसटली तर नुकसान करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर साठवावी. हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. याला 'स्ट्रिक्ट लायेबिलिटी' म्हणतात. त्याला अपवादही आहेत: निसर्गाचा अनपेक्षित कोप, तिऱ्हाईताने केलेली तोडफोड, नुकसान झालेल्याची आधीची संमती. पुढे १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्यावरच्या एम. सी. मेहता खटल्यात आपलं सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. धोकादायक उद्योगांना यातला एकही अपवाद मिळणार नाही, असं त्याने सांगितलं.

हेच तत्त्व दोन परीक्षा दोन तऱ्हांनी विचारतात. सीईटीतला छोटा प्रश्न असा येऊ शकतो: रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला कोणत्या तत्त्वासाठी प्रसिद्ध आहे? चार पर्याय, एक टिचकी, वीस सेकंद. ज्याला माहीत आहे त्याला गुण, ज्याला नाही त्याच्यासाठी चारातला एक अंदाज. क्लॅटमध्ये याच विषयावर साडेचारशे शब्दांचा उतारा येईल. तत्त्व आणि अपवाद उताऱ्यातच दिलेले असतील. मग प्रश्नांत परिस्थिती बदलत जाईल. बांध शेजाऱ्याच्या मुलांनीच फोडला असेल तर? तळं दोघांनी मिळून वापरायचं ठरलं होतं, तर? पाण्याऐवजी रसायन असेल तर? इथे खटल्याचं नाव पाठ असल्याचा काडीचाही फायदा नाही. उलट उताऱ्यात नसलेलं आपल्या डोक्यातलं ज्ञान घुसवलं, की उत्तर हमखास चुकतं.

क्लॅटने हा उताऱ्यांचा ढाचा २०२० च्या परीक्षेपासून स्वीकारला. तोपर्यंत तिथेही छोटे, पाठांतराचे प्रश्न भरपूर असत. म्हणून २०२० पूर्वीचं जाडजूड क्लॅट-मार्गदर्शक आजच्या क्लॅटला जवळपास निरुपयोगी आहे, आणि गंमत म्हणजे तेच पुस्तक आजच्या सीईटीला काही अंशी उपयोगी पडतं. कायद्याच्या कलचाचणीवरचं ए. पी. भारद्वाज यांचं पुस्तक अनेक वर्षं या विषयाचा आधार मानलं गेलं. त्यातली सूत्रं, लॅटिन वचनं, करार आणि अपकृत्यांची ओळख सीईटीवाल्याने जरूर वाचावी. फक्त क्लॅट देणाऱ्याने त्याच्या पानापानावर रंगीत पेनने रेघा ओढत तीन महिने घालवले, तर ते तीन महिने गेले.

मग सुरुवात कशाने करावी? ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी सगळ्यात चांगलं साहित्य त्यांच्याच घरातल्या माळ्यावर आहे. बालभारतीची पुस्तकं. सातवीच्या नागरिकशास्त्रात संविधानाची ओळख, उद्देशिका, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं आहेत. आठवीत संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था आणि राज्यशासन आहे. दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया आणि राजकीय पक्ष आहेत. या तिन्ही पुस्तकांचे हे भाग मिळून एका आठवड्यात वाचून होतात, आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवता येतात. परीक्षेसाठी घोकलेली ही प्रकरणं सतराव्या-अठराव्या वर्षी पुन्हा वाचली, की वेगळीच दिसतात. तेव्हा 'न्यायालयीन पुनर्विलोकन' हा शब्द दोन गुणांचा प्रश्न होता. आता कळतं की संसदेने केलेला कायदाही न्यायालय रद्द करू शकतं, आणि का. त्यानंतर ज्याला इंग्रजीत जायचं आहे त्याने एनसीईआरटीचं अकरावीचं 'इंडियन कॉन्स्टिट्यूशन ॲट वर्क' घ्यावं. संविधान कसं चालतं हे त्यात उदाहरणं, व्यंगचित्रं आणि प्रश्न यांतून सांगितलं आहे. एम. लक्ष्मीकांत यांचं 'इंडियन पॉलिटी' यूपीएससीच्या तयारीमुळे घरोघरी दिसतं. प्रवेशपरीक्षेला त्यातली मोजकीच प्रकरणं लागतात. सगळं वाचायला बसणं म्हणजे विहिरीऐवजी धरणाचा आराखडा अभ्यासणं.

संविधानाची मराठी प्रत मात्र प्रत्येकाकडे असावी. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने केलेला अनुवाद अधिकृत आहे, आणि सीईटीच्या मराठी प्रश्नपत्रिकेतले पारिभाषिक शब्द समजायला त्याच्याइतका उपयोगी दस्तऐवज दुसरा नाही. एक ठळक उदाहरण पुरे आहे. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालय पाच प्रकारचे आदेश काढू शकतं. इंग्रजी पुस्तकातून तयारी केलेल्या मुलीला ते हेबिअस कॉर्पस, मँडॅमस, प्रोहिबिशन, को वॉरंटो आणि सर्शिओरारी म्हणून पाठ असतात. मराठी अनुवादात त्यांना 'प्राधिलेख' म्हटलं आहे आणि त्यांची नावं देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण अशी आहेत. ज्ञान असूनही परीक्षेच्या पडद्यावर 'प्राकर्षण' हा शब्द पहिल्यांदाच दिसला तर हात थांबतो. मराठी माध्यमातून परीक्षा देणाऱ्या किती मुलांचे गुण निव्वळ अशा शब्दांपाशी अडतात, याचा विचार मार्गदर्शक पुस्तकं लिहिणारे फारच कमी करतात. बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीत लिहिलेली असतात, आणि मराठीत जी मिळतात त्यांतली काही इतक्या घाईने भाषांतरित केलेली असतात की मूळ इंग्रजी वाक्य मनात तयार केल्याशिवाय अर्थच लागत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. दोनशे पानी वही घ्यावी, पानाच्या मधोमध रेघ मारावी, डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी. भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' त्यासाठी संदर्भ म्हणून वापरता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही आता त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. एकाच निकालाची दोन पानं मराठीत आणि तीच दोन इंग्रजीत वाचली, की वहीत एका दिवसात वीस शब्दांची भर पडते. ही वही जो स्वतः तयार करतो त्याच्याकडे बाजारात कुठेही न मिळणारं पुस्तक तयार होतं.

इंग्रजीची भीती हा या सगळ्या तयारीतला खरा डोंगर आहे. आपल्याकडच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेची ताकद अशी, की ती विद्यार्थ्याच्या मराठीवर उभी राहून इंग्रजीकडे जाते. आज ती जुनी वाटेल, पण वाक्यरचनेचा कच्चेपणा जायला अजूनही उपयोगी आहे. रेन अँड मार्टिनचं व्याकरण घ्यायचं तर सगळं नको; काळ, कर्ता-क्रियापद मेळ, शब्दयोगी अव्ययं आणि अप्रत्यक्ष कथन एवढे भाग सीईटीला पुरतात. नॉर्मन लुईसचं १९४९ सालचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' शब्दांच्या ग्रीक-लॅटिन मुळांपासून शिकवतं, आणि कायद्याची भाषा त्याच मुळांनी भरलेली असल्याने ते दुहेरी फायद्याचं ठरतं.

परकी भाषा पायरीपायरीने कशी शिकवावी याचा एक उत्तम नमुना तर फलटणमध्येच घडला. अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली, फलटणलाच घर केलं आणि जाई निंबकर यांच्यासोबत परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली. पुढे त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची मराठी शाळा इथे उभी राहिली. शिकणारा जिथे उभा आहे तिथून पुस्तक सुरू झालं पाहिजे, हे त्या कामाच्या मुळाशी होतं. क्लॅटसाठी इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख पहिल्या दिवसापासून वाचा, असा सल्ला सरसकट दिला जातो. मराठी शाळेतल्या मुलीला तो अग्रलेख पहिल्या परिच्छेदातच फेकून देतो. त्याऐवजी तिने आधी मराठी वर्तमानपत्रात एखाद्या निकालाची बातमी वाचावी, मग त्याच निकालाची इंग्रजी बातमी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अग्रलेख. विषय आधीच माहीत असला की अनोळखी शब्द घाबरवत नाहीत.

आता त्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाकडे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आणलेली असोत, की कुणी प्रेमाने दिलेली, त्यांची पारख एका मिनिटात होते. खुनाची शिक्षा कोणत्या कलमाखाली दिली आहे ते पाहायचं. पुस्तकात ३०२ असेल तर ते जुनं. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी आता ३५८ आहेत, खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. मराठी बोलण्यात मुरलेला 'चारसोबीस' आता कलम ३१८ मध्ये आहे. दंगल-तणावाच्या बातमीत वाचायची सवय असलेली '१४४ ची जमावबंदी' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाली आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. अशा बदललेल्या कलमांवर प्रश्न काढण्याचा मोह कोणत्याही प्रश्नकर्त्याला होणारच. नव्या छापाचं म्हणून विकलेल्या पुस्तकातही कधी मुखपृष्ठच नवं असतं, म्हणून आतलं पान उघडून पाहायलाच हवं.

आणखी दोन खुणा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची मंजूर संख्या २०१९ मध्ये ३१ वरून ३४ झाली. पुस्तकात ३१ असेल तर ते त्याआधीचं. व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, आणि नव्या संहितेत ते नाहीच. ते जर गुन्हा म्हणून शिकवलेलं असेल तर पुस्तक बाजूला ठेवावं. अर्थात जुनं पुस्तक सगळंच टाकाऊ नसतं. करार, अपकृत्यं, संविधानाचा इतिहास, इंग्रजी व्याकरण हे भाग टिकतात. फक्त गुन्हेगारी कायद्याची पानं पिनांनी बंद करून टाकावीत.

परीक्षाच बदलते आणि पुस्तकं मागे राहतात, हे भारतापुरतं नाही. अमेरिकेतल्या एलसॅट या विधी प्रवेशपरीक्षेत 'लॉजिक गेम्स' नावाचा विभाग अनेक वर्षं होता. माणसांना खुर्च्यांवर, दिवसांवर मांडायची कोडी. दृष्टिहीन उमेदवारांना त्यांच्या आकृत्या काढणं अशक्य होतं. त्यांच्या दाव्यानंतर २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून गेला. त्या कोड्यांवर लिहिलेली गाजलेली पुस्तकं एका दिवसात कालबाह्य झाली.

तर्कशक्तीसाठी फलटणच्या दुकानांत सहज मिळणारी पोलीस भरतीची बुद्धिमत्ता चाचणीची मराठी पुस्तकं सीईटीला बऱ्यापैकी चालतात. नातेसंबंध, दिशा, मालिका, सांकेतिक भाषा यांचा सराव त्यांत भरपूर असतो. आर. एस. अगरवाल यांच्या जाड पुस्तकातला आकृत्यांचा अर्धा भाग मात्र सोडून द्यावा. क्लॅटचा तर्क वेगळा आहे. लेखकाने काय गृहीत धरलं, त्याचा युक्तिवाद कशाने कमकुवत होईल, असं तिथे विचारतात, आणि त्याला पोलीस भरतीचं पुस्तक पुरत नाही. गणिताचे सीईटीत आठच प्रश्न आहेत. शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, नफा-तोटा. आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं पुरेशी आहेत. सामान्यज्ञानाला रोजचं वर्तमानपत्र आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंदवही. महिन्याला दोनशे पानांच्या चालू घडामोडी उतरवून घेतल्या तर त्या मोबाइलमध्येच राहतात.

यात सगळ्यात मोलाची वस्तू प्रश्नपत्रिका. तयारीच्या पहिल्या आठवड्यातच, काही येत नसताना, एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. किती गुण पडले हे गौण आहे. आपल्याला नक्की काय माहीत नाही ते दोन तासांत कळतं, आणि मगच पुस्तक विकत घेण्यात अर्थ असतो. क्लॅटच्या २०२० पासूनच्या प्रश्नपत्रिका विद्यापीठांच्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर आहेत. सीईटी संगणकावर होते. परीक्षेनंतर उमेदवाराला आपली उत्तरं आणि उत्तरतालिका पाहून हरकत घेता येते. दुकानात 'मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका' म्हणून जे संच मिळतात, त्यांत विद्यार्थ्यांच्या आठवणीवरून लिहिलेले प्रश्नही असू शकतात, म्हणून त्यांची उत्तरं डोळे मिटून घेऊ नयेत. खुद्द क्लॅटच्या उत्तरतालिकेतही चुका निघाल्या आहेत. १ डिसेंबर २०२४ च्या परीक्षेतल्या उत्तरांवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि काही उत्तरं दुरुस्त झाली. अधिकृत तालिकेचं असं होतं, तर घाईने छापलेल्या सराव-संचाचं उत्तर आपल्या उत्तराशी जुळलं नाही म्हणून मुलीने स्वतःलाच दोष देत बसू नये. संविधान उघडावं आणि पडताळून पाहावं.

पैशाचाही हिशेब आहे. क्लॅटच्या अर्जाचंच शुल्क खुल्या प्रवर्गासाठी चार हजार रुपये आहे. शेतीवर चालणाऱ्या घरात तो अर्ज भरायचा की नाही हाच आधी विचार होतो. ज्यांना क्लास परवडत नाही, पण क्लॅटची ओढ आहे, त्यांच्यासाठी प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये 'इडिया' ही संस्था सुरू केली. निवडलेल्या विद्यार्थ्यांना ती प्रशिक्षण आणि साहित्य देते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाच्या, सुस्थितीतल्या घरांच्या मुलांची किती गर्दी आहे, हे तिच्याच पाहण्यांनी समोर आणलं. फलटणहून तिथे जाणारी प्रत्येक मुलगी ती गर्दी थोडी बदलते. पण सीईटीतून साताऱ्याला किंवा सांगलीला जाणारीचं काहीही कमी नाही. कोल्हापूरच्या बेंचपुढे उभं राहायला दोघींनाही तीच सनद लागते.

मुधोजी महाविद्यालयात बारावी कला शाखेला असलेली, दोन्ही परीक्षा देऊ पाहणारी एखादी मुलगी असं वेळापत्रक बसवू शकते. जून-जुलैत शाळेची नागरिकशास्त्राची पुस्तकं, संविधानाचे अनुच्छेद १२ ते ३५ मराठीतून, आणि रोज अर्धा तास तर्खडकर किंवा रेन अँड मार्टिन. ऑगस्टपासून इंग्रजी उतारे आणि दर रविवारी क्लॅटची एक प्रश्नपत्रिका. गेली तीन वर्षं क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी झाली आहे. त्या संध्याकाळी उताऱ्यांचे संच बांधून ठेवायचे. सोमवारपासून बारावीची सराव परीक्षा आणि बोर्ड. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला, की सीईटीपर्यंत जेमतेम दीड-दोन महिने मिळतात. त्यात नवं पुस्तक उघडायचं नाही. रेघ मारलेली ती दुभागी वही पहिल्या पानापासून काढायची, उजवीकडची बाजू हाताने झाकायची, आणि प्राकर्षण म्हणजे काय ते स्वतःला विचारायचं.